नंबर लागेल का?

बारावीचा आणि नीटचा निकाल जवळ आला की महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांमधून एक प्रश्न घराघरांत फिरू लागतो. 'नंबर लागेल का?' मुलगी विचारते, तिचे अब्बा आखातातून फोनवर विचारतात, मामू मशिदीतून बाहेर पडताना एखाद्या शिक्षकाला गाठून विचारतात. नंबर म्हणजे अर्थातच मेडिकलचा. उत्तर देणारेही पुष्कळ असतात. कोणी म्हणतो, 'शंभर टक्के लागेल, काळजी कशाला?' कोणी म्हणतो, 'आपल्या मुलांना कोण विचारतो?' दोघेही उत्तर देऊन मोकळे होतात. पण त्या उत्तराच्या भरवशावर एखाद्या घराचे एक वर्ष, कधी दोन-तीन वर्षे, कधी अम्मीचे दागिने आणि कधी वडिलोपार्जित कलमांची बाग पणाला लागते.

म्हणून हा प्रश्न मला नुसता गुणांच्या हिशेबाचा वाटत नाही. तो नीतीचाही प्रश्न आहे. दुसऱ्याच्या लेकराची शक्यता सांगताना आपण नेमके काय सांगत असतो? खरे बोलणे आणि धीर देणे यांची फारकत झाली तर कोणाच्या बाजूने जायचे? आणि ज्या जागेसाठी हा सारा आटापिटा चालतो, ती जागा मुळात कोणाची? या प्रश्नांचा विचार महाडात बसून करायचा तर चवदार तळ्याला वळसा घालून जाता येत नाही. सार्वजनिक गोष्टीवर हक्क कोणाचा आणि तो कागदावरून प्रत्यक्षात कसा उतरतो, याचा धडा या तळ्याने साऱ्या देशाला दिला आहे.

आधी हिशेबच पाहू, कारण हिशेब टाळून केलेली नीतीची चर्चा पोकळ असते. २०२५ साली नीटला २२ लाख ९ हजारांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतले १२ लाख ३६ हजारांवर 'पात्र' ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या सरकारी महाविद्यालयांतल्या साधारण निम्म्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा जणांमागे जागा एक, आणि सामान्य माणसाला परवडेल अशी जागा वीस जणांमागे एक. त्या वर्षी खुल्या गटातला विद्यार्थी ७२० पैकी १४४ गुणांना पात्र होत होता. आपल्याकडे 'नीट पास झाली' म्हणून पेढे वाटले जातात. पास होणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे, एवढाच त्याचा अर्थ आहे, हे सांगायला कोणी धजत नाही.

दुसरी गोष्ट गुणांची. २०२४ साली अंतिम निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे १७ जण होते. २०२५ साली प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण पडले. ज्या गुणांना २०२४ मध्ये सरकारी महाविद्यालयाच्या जवळपासही जाता आले नसते, त्या गुणांना २०२५ मध्ये जागा मिळाली. मग 'गेल्या वर्षी अमक्याच्या मुलाला इतके होते आणि त्याचा लागला' या दाखल्याला किंमत काय उरते? पाहायचा तो क्रमांक, गुण नव्हेत. आणि क्रमांकही एकटा पुरत नाही. राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून अर्ज आहे की १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून, प्रवर्ग कोणता, दाखले तयार आहेत का, आणि घरची ऐपत किती, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास असते, तर काही अभिमत विद्यापीठांत ती वीस लाखांच्याही वर जाते. तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन मुलींपैकी एकीची शक्यता चांगली आणि दुसरीची शून्य असू शकते. शक्यता ही मुलीच्या अंगी असलेली वस्तू नाही. ती मुलगी कोणत्या जागी उभी आहे, त्यावरही ती ठरते.

हे एकदा लक्षात आले की खोट्या उत्तरांचे दोन प्रकार दिसू लागतात. पहिला प्रकार आशा विकणाऱ्यांचा. शिकवणी वर्गांच्या फलकांवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. त्याच वर्गात बसून ज्यांचा नंबर लागला नाही, त्यांचे फोटो कुठेच नसतात. शंभरांतल्या पाचांचे चेहरे पाहून पालक शंभरांची फी भरतात. यात खोटे असे काही बोललेले नसते, पण अर्धे सत्य मांडून पुरे सत्य झाकलेले असते. कोकणातून मुलाला लातूरला नाहीतर थेट कोट्याला पाठवणाऱ्या बापाला ते पाचही दाखवायला हवेत आणि पंच्याण्णवही. आशा ही चांगली गोष्ट आहे, परंतु दुसऱ्याच्या पैशाने आणि तिसऱ्याच्या वयाने ती विकत घ्यायला लावणे चांगले नाही.

दुसरा प्रकार आपल्या समाजात अधिक रुळला आहे, आणि तो अधिक घातक आहे. 'आपल्याला कोण घेतो?', 'मुलीच्या जातीला एवढे शिकवून काय करायचे?', 'नशिबात असेल तर होईल.' ही वाक्ये म्हणजेही अंदाजच आहेत. फरक इतकाच की असा अंदाज स्वतःच स्वतःला खरा करतो. दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलीने विज्ञान शाखा घेतलीच नाही, तर तिचा नंबर न लागण्याचे भाकीत खरे ठरणारच. मग आपण म्हणतो, पाहा, मी म्हटलेच होते. अन्याय नाही असे नाही. २००६ च्या सच्चर समितीने आणि राज्य सरकारने नेमलेल्या मेहमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये मुस्लिमांच्या शैक्षणिक मागासलेपणाची जी मांडणी केली, ती कोणी खोडून काढलेली नाही. पण अन्यायाचे खरे वर्णन करणे वेगळे आणि त्याच वर्णनाची उशी करून झोपणे वेगळे. आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकली आहे. नशिबाचे नाव घेऊन दाव्याची दोरीच फेकून द्यायला तिच्यात कुठे सांगितले आहे?

इथे चवदार तळे आठवते. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार १९२३ साली मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असे ठरवले. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. कागदावर वाट मोकळी झाली. प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, खटला उभा राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला. १९२७ मध्ये कोणी शक्यतेचा अंदाज बांधत बसला असता, तर त्या पायऱ्या कोणीच उतरले नसते.

तरीही ही तुलना मी फार ताणणार नाही. तळ्याचे पाणी एकाने प्याले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नव्हते. मेडिकलची जागा एकाला मिळाली की दुसऱ्याला मिळत नाही. पाणी हा हक्क होता, त्यासाठी लायकी सिद्ध करण्याची अट घालणेच अमानुष होते. जागा ही स्पर्धेने मिळते, आणि ज्याच्या हातात माणसाचा जीव द्यायचा त्याची परीक्षा घेणे गैर नाही. म्हणून केवळ धैर्याने नंबर लागत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. 'मनापासून इच्छा असेल तर होतेच' असे सांगणे म्हणजे ज्याचे झाले नाही त्याची इच्छाच खोटी होती असे म्हणणे. तो मोठा अन्याय आहे.

मग स्पर्धेत हक्क कशाचा? माझ्या मते, काठापर्यंत पोचण्याचा. परीक्षा पाण्यापाशी सुरू व्हावी. पायऱ्यांवरच जी माणसे गळतात, ती परीक्षेत नापास झालेली नसतात. या पायऱ्या कोणत्या, हे आपण मोजले पाहिजे. पहिली पायरी भाषेची. मराठीतून नीट देता येते, उर्दूतूनही २०१८ पासून देता येते. पण प्रश्नपत्रिका आपल्या भाषेत मिळाली तरी अकरावी-बारावीची पुस्तके आणि चांगले वर्ग इंग्रजीतच असतात. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला दोन वर्षांत विज्ञानही शिकायचे असते आणि भाषाही. दुसरी पायरी अंतराची. रायगड जिल्ह्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अलिबागला निघाले, ही मोठी सोय झाली. परंतु पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून अलिबाग शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि त्याआधी चांगल्या प्रयोगशाळेचे कनिष्ठ महाविद्यालय गाठायलाच रोजची एस.टी. पकडावी लागते.

तिसरी पायरी कागदांची, आणि ती आपण स्वतःच निसरडी करून ठेवली आहे. अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी अशा अनेक मुस्लीम जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी उभ्या केलेल्या मुस्लीम ओबीसी चळवळीने, जिला दिलीपकुमार यांनीही साथ दिली, ही गोष्ट गावोगाव पोचवली. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग ऐन प्रवेशाच्या महिन्यात धावपळ सुरू होते, पडताळणी वेळेत होत नाही आणि हक्काची जागा जाते. हे काम मूल आठवीत असताना करायचे असते. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय गटांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ केले. किती मोहल्ल्यांत ही माहिती वेळेवर पोचली? जो प्रश्न विचारतो 'नंबर लागेल का', त्याला आधी उलट विचारावे, 'दाखले काढले का?'

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. महाडच्या तळ्याविषयी आपण अभिमानाने एक गोष्ट सांगतो. २० मार्चच्या मारहाणीत काही मुस्लीम घरांनी जखमींना आसरा दिला. डिसेंबर १९२७ मध्ये परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली आणि त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. हा अभिमान रास्त आहे. पण याच गोष्टीची दुसरी बाजू आपण विसरतो. चवदार तळ्यावर मुस्लिमांना पाणी भरायला बंदी नव्हती. बाबासाहेबांनीच त्या परिषदेत हे दाखवून दिले होते की इतर धर्मीयांना मज्जाव नाही, तो फक्त अस्पृश्यांना आहे. म्हणजे त्या काळी आपण काठाच्या आत होतो. फत्तेखान यांचे मोठेपण यात आहे की ज्याला पाणी मिळत होते, त्याने न मिळणाऱ्यासाठी आपली जमीन मोकळी केली.

आज आपण कुठे आहोत? काही बाबतींत बाहेर, काही बाबतींत आत. पोलादपूरच्या मोलमजुरी करणाऱ्या घरातली मुलगी बाहेर आहे. पण कोकणातली आखाती पैशाची कित्येक घरे आत आहेत. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांना दहा टक्के जागा आहेत. ज्या मुस्लिमांना दुसरे आरक्षण नाही, त्यांनाही त्या लागू आहेत. मुख्य अट अशी की कुटुंबाचे सर्व मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. अब्बांचा आखातातला पगार गाळून, फक्त गावच्या शेतीचे उत्पन्न दाखवून दाखला काढता येतो, हे गुपित राहिलेले नाही. हा प्रकार आपल्याच समाजात चालतो असे मुळीच नाही. पण आपल्या लिखाणात आपण आपल्याविषयी बोलायचे असते.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, आणि ते फालतू नाही. लोक म्हणतात, जुलै २०१४ मध्ये राज्याने अध्यादेश काढून आम्हांला पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते ते थांबवले नाही. तरी अध्यादेशाचा कायदा केला गेला नाही आणि तो संपून गेला. आमच्या हक्काचे कोणी दिले नाही, मग जिथून मिळेल तिथून घेतले तर बिघडले कुठे? या म्हणण्यातला राग मला कळतो. पण हिशेब कोणाशी चुकता होतो ते पाहा. सरकारने न दिलेली जागा आपण सरकारकडून परत घेत नाही. ती आपण कोणत्या तरी खऱ्या गरीब मुलाच्या हातून घेतो. तो कदाचित मराठवाड्यातल्या ब्राह्मण पुजाऱ्याचा मुलगा असेल, कदाचित पोलादपूरच्याच एखाद्या मुस्लीम रिक्षावाल्याची मुलगी असेल. तिच्या अब्बांना कागद कसे वळवायचे हे ठाऊक नाही, म्हणून ती मागे राहते. काठाच्या आत उभे राहून, बाहेरच्याचा तांब्या हिसकून घ्यायचा आणि पुन्हा आपणच बाहेरचे म्हणून टाहो फोडायचा, हे न्यायाच्या कोणत्या तराजूत बसते? पाच टक्क्यांची मागणी उघडपणे, मोर्चाने, न्यायालयात करावी. खोट्या दाखल्याने ती मागणीच हलकी होते.

शक्यतेचा आणखी एक गैरवापर आहे, त्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपण शक्यतेला माणसाची किंमत समजतो. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातल्या अनिता या मजुराच्या मुलीला २०१७ साली बारावीत १२०० पैकी ११७६ गुण होते आणि नीटमध्ये ७२० पैकी ८६. मुलगी एकच, तीन-चार महिन्यांतली दोन मोजमापे, एक तिला राज्यातल्या हुशार मुलांत बसवणारे आणि दुसरे दाराबाहेर काढणारे. तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि त्याच वर्षी आपले जीवन संपवले. मोजपट्टी बदलली की शक्यता बदलते, माणूस तोच राहतो, ही गोष्ट तिला कोणी वेळेवर आणि प्रेमाने सांगितली असती का, हे मला ठाऊक नाही. पण आपल्या घरातल्या मुलांना ती सांगणे आपल्या हातात आहे.

महाडकरांना तर याचे उदाहरण लांब शोधायला नको. जालना जिल्ह्यातल्या एका गरीब शेतकरी घरातला मुलगा नागपूरहून डॉक्टर होऊन १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, पटापट दगावत. त्यांच्या उशाशी बसून त्याने लक्षणे टिपली, प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर उपयोगी पडते हे दाखवले आणि ते 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. हे डॉ. हिम्मतराव बावस्कर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या औषधाने वाचलेल्या मुलांत आपलीही मुले आहेत. गावातल्या त्या मुलाची लहानपणी कोणी शक्यता मोजली असती तर किती टक्के सांगितली असती? आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे. मोठ्या रुग्णालयात जागा मिळवण्याने ते मोठे झाले नाहीत. मिळालेली जागा त्यांनी बिरवाडीच्या रुग्णांसाठी वापरली. आपल्याकडे ज्याला अमानत म्हणतात ती हीच. सरकारी महाविद्यालयातली जागा समाजाच्या पैशाने चालते. ती आपल्या मेहनतीने मिळते हे खरे, पण मेहनत करूनही ज्यांना ती मिळाली नाही अशा एकोणीस जणांच्या वतीने आपण तिथे बसलेले असतो.

तेव्हा उद्या कोणी 'नंबर लागेल का?' असे विचारले, तर काय सांगावे? मला वाटते, आधी क्रमांक आणि प्रवर्ग विचारून खरा अंदाज सांगावा, गोड करून नाही आणि कडू करूनही नाही. जिथे शंका आहे तिथे 'काठावर आहे' असेच म्हणावे. मग काठापर्यंतच्या पायऱ्यांपैकी कोणत्या अजून बांधता येतील ते पाहावे, दाखला असो, शिष्यवृत्ती असो, की मुलीला वसतिगृहात पाठवायला घाबरणाऱ्या अम्मीशी बोलणे असो. त्यात आपला वेळ जातो, म्हणूनच बहुतेक जण नुसते उत्तर देऊन निघून जातात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची की नाही, हे मुलाने आणि घराने मिळून, किती पैसा आणि किती वर्षे आपल्याकडे आहेत हे आधी ठरवून निश्चित करावे. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, युनानी आणि आयुर्वेद या वाटांचा विचार निकालाआधी करावा. निकालानंतर त्या सुचवल्या की त्या पराभवाची भरपाई वाटतात, आणि त्या तशा नाहीत. कोकणातल्या गावांना परिचारिकाही हव्या आहेत.

आणि नंबर लागला नाही तर त्या मुलीकडे पाहण्याची आपली नजर बदलू नये. एवढे एक केले, तरी प्रश्न विचारणाऱ्या पुढच्या मुलीला आपले उत्तर ऐकायची भीती वाटणार नाही.